एकवीस डावे खांदे

“आजपासून या घरातून महाराष्ट्राचा इतिहास बाहेर पडणार आहे!” आमच्या मुलीनं, स्वप्नालीनं, उंबऱ्यात उभं राहून मोबाईलच्या कॅमेऱ्याला ठणकावून सांगितलं, आणि घरातून बाहेर पडला तो शेजारच्या पाटणकरांचा बोका. त्याच्या तोंडात जरीच्या काठाचा हातभर तुकडा लोंबत होता.

“अहो, धरा त्याला! शेल्याचा काठ आहे तो!” आतून शालन ओरडली.

मी धरलं नाही. एस.टी.त एकतीस वर्षं कंडक्टरकी केल्यावर माणूस पळणाऱ्या गोष्टींच्या मागं लागत नाही. सुटली ती सुटली. बोका भिंतीवरून पलीकडे गेला आणि इतिहासाचा तेवढा तुकडा आजतागायत सापडलेला नाही.

“पप्पा, तुम्ही फ्रेममध्ये आलात,” स्वप्नाली म्हणाली. ती खास या समारंभासाठी पुण्याहून सुट्टी काढून आली होती. “परत घ्यावं लागणार. चेहरा जरा आनंदी ठेवा.”

“हा आनंदीच आहे.”

“मग राहू द्या. तुम्ही बाजूला थांबा.”

मी बाजूला थांबलो. दारावर नवा बोर्ड लागला होता: ‘शालन वस्त्रसंभार. अस्सल ऐतिहासिक पोशाख शिवून मिळतील.’ बोर्डाखाली शालन उभी होती आणि ज्याला हळद-कुंकू लावलंय त्या बोकडासारखी सगळ्यांकडे बघत होती.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली.

मुळात हा धंदा नव्हताच. स्वप्नाली चौथीत असताना तिला शाळेत जिजाऊ व्हायचं होतं. भाड्याच्या दुकानातून आणलेल्या शिवलेल्या नऊवारीला पाठीमागे चेन होती आणि ओच्यात आधीच्या जिजाऊचं अर्धं बिस्कीट. शालननं ते लुगडं दोन बोटांत धरून माझ्यासमोर आणलं.

“अहो, त्या काळी चेन होती का?”

“मला काय ठाऊक? त्या काळी एस.टी. नव्हती.”

तिनं ते परत पाठवलं, पोरीला खरं लुगडं नेसवलं आणि चोळी हातानं शिवली. बक्षीस दुसऱ्याच मुलीला मिळालं; ती परी झाली होती. पण शालनचा हात काही थांबला नाही. कॅलेंडरवरची चित्रं, जुनी पुस्तकं, कुणाच्या देवघरातले फोटो, जे दिसेल त्यातून ती कपडे काढून घ्यायची. म्हणजे मनात. एस.टी.चा कुटुंबाचा पास मिळाला की माझे सोबती बायकामुलांना घेऊन तुळजापूर-अक्कलकोट करायचे. आम्ही काचेच्या कपाटांतले मेलेल्या माणसांचे कपडे बघत हिंडायचो. एका संग्रहालयात ती अंगरख्याची शिवण मोजत इतका वेळ उभी राहिली की पहारेकरी जवळ आला.

“बाई, काचेला नाक लावू नका.”

“मग कपाट उघडा,” शालन म्हणाली.

मी तिकीटघराकडे बघत राहिलो. बायको आपली नाही असं दाखवायची ती एक पद्धत आहे.

अशी वीसेक वर्षं गेली. अंगरखे, बंड्या, तुमानी, झगे असे सदतीस कपडे ट्रंकेत साठले. वर्षातून एकदा ती ते गच्चीवर ऊन द्यायला काढायची. शेजारीण विचारायची, “कोण नाटकात असतं का हो तुमच्याकडं?” शालन म्हणायची, “नाही. हौस.” आणि घड्या घालून पुन्हा ट्रंकेत. कुणी म्हणून कुणी त्यातला एक कपडा अंगाला लावला नाही. मी तर नाहीच. घरी आल्यावर मला दोनच गोष्टी अंगाला हव्या असायच्या, गंजीफ्रॉक आणि गादी.

धंद्याची कल्पना माझी. हे मी कबूल करतो, कारण नंतर स्वप्नालीनं ती स्वतःच्या नावावर केली. निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. घंटी मारायला काही नव्हतं. मी दिवसभर बघायचो तर ही बाई कुणीही न सांगता, कुणासाठीही नसलेला कपडा शिवतेय.

“शालन, लोकांसाठी शिव की.”

“नको. गिऱ्हाईक आलं की घाई येते. घाई आली की टाका लांब होतो.”

“अगं, पण कुणी घातलं तर पाहिजे. का ट्रंकेला घालायला शिवतेस?”

मी सहज बोललो होतो. तिला ते लागलं. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, “एक काम घेऊ. मोठं. माणसांनी उजेडात, रस्त्यावर घालून चालायचं काम. ते अंगावर बसलं, तर पुढचं बघू. आणि परत आलं, तर मशिनवर झाकण घालीन, ते कायमचं. मग हौस म्हणून पण सुई धर म्हणायचं नाही. तुम्ही नाही, तुमच्या लेकीनं नाही.”

मी मान हलवली. अटी नीट वाचायची मला सवय नव्हती. आमच्याकडे त्या तिकिटाच्या मागं बारीक अक्षरात असतात.

बोर्ड लागल्यावर मोठं काम आलं ते खराडे सरांच्या रूपानं. सर हायस्कुलात पी.टी. शिकवायचे आणि गावच्या वाचनालयाचे चिटणीस होते. वाचनालयाला शंभर वर्षं होत होती, म्हणून ग्रंथदिंडी निघायची होती. पुस्तकांची पालखी आणि पालखीपुढे एकवीस मावळे.

“पुस्तकांपुढं मावळे कशाला, सर?” मी विचारलं.

“मास्तर, पुस्तकांना आज संरक्षणाची गरज आहे.”

“वाचणाऱ्यांपासून?”

सर हसले नाहीत. पी.टी.चे सर शिट्टीशिवाय हसत नाहीत. त्यांनी शालनकडे मोर्चा वळवला. “वहिनी, एकवीस बाराबंद्या, एकवीस तुमानी. सव्वीस दिवस आहेत. अस्सल पाहिजे. भाड्याच्या ड्रेसला लोक आता हसतात. मागच्या साली एका सरदाराच्या पाठीवर दुकानाचं नाव छापलेलं होतं.”

“मापं?” शालननं विचारलं.

सरांनी खिशातून कागद काढला. एकवीस नावं आणि प्रत्येकापुढे छातीचा आकडा. बस्स.

“खांदा नाही, उंची नाही?”

“वहिनी, सगळे सकाळी फिरायला येणारे सभासद आहेत. त्यांना एका जागी उभं करणं मलाच जमत नाही. अंगरखाच आहे, ढगळ चालतंय. तुमच्या नजरेवर विश्वास आहे.”

शालननं कागद घेतला, खाली-वर बघितला आणि म्हणाली, “बघते.” नजरेवर विश्वास म्हणजे काम फुकटात वाढणार, हे मला एकतीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. तिला अजून शिकायचं होतं.

त्यानंतरच्या चोवीस दिवसांबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, कारण ते सगळे एकसारखे होते. मांजरपाटाचे तागे आले. शालननं कपाटामागून खाकी कागदाचा एक जुना नमुना काढला, ज्यावरून ती नेहमी अंगरखे बेतायची. त्यावरून तिनं तीन आकार वाढवून घेतले, थोरला, मधला आणि धाकटा, आणि कात्री चालू झाली. ती कापायची, शिवायची, तुरपाई करायची. माझ्याकडे बंद आले.

बाराबंदीला बारा बंद असतात, हे नावातच आहे. नावात नाही ते असं, की प्रत्येक बंद आधी उलटा शिवायचा असतो आणि मग छत्रीच्या तारेनं आतून ओढून सुलटा करायचा असतो. एकवीस गुणिले बारा म्हणजे दोनशे बावन्न. पहिल्या दिवशी मी नऊ सुलटे केले. दहाव्याच्या वेळी तार बंदातून बाहेर येऊन अंगठ्यात गेली.

“गाठ मारलेली नाडी लावली तर?” मी विचारलं. “लांबून कोण बघतंय?”

“मी बघते.”

“वेलक्रो म्हणून एक नवीन…”

तिनं कात्री खाली ठेवली. मी दहावा बंद सुलटा करायला घेतला.

दुसऱ्या आठवड्यात तिचे डोळे लाल झाले. तिसऱ्या आठवड्यात ती बोलायची बंद झाली. पूर्वी शिवताना ती गुणगुणायची. ते कधी थांबलं हे माझ्या लक्षातही आलं नाही. जेवायला बसली की तिचा उजवा पाय पाटाखाली मशिनच्या पायट्यासारखा हलत राहायचा. पुण्याहून स्वप्नालीचा रोज फोन यायचा.

“आई, दमलीस का?”

“नाही.”

“पप्पा, आई दमलीय का?”

“नाही म्हणतेय.”

“एखादा मेकिंगचा व्हिडिओ पाठवा ना. दोघं हसत काम करताय असा.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. शालन म्हणाली, “तिला सांगा, नेट नाही.”

काम संपलं, ग्रंथदिंडीला दोन दिवस असताना. शुक्रवारी सकाळी एकवीस घड्या तीन चादरींत बांधून आम्ही रिक्षानं शाळेच्या सभागृहात नेल्या. शालननं त्या दिवशी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. रिक्षात ती एकदाच बोलली.

“एवढी वर्षं केलं, पण माणसाच्या अंगावर कसं दिसतं ते मी बघितलेलंच नाही हो.”

मी म्हणालो, “आज बघ.”

सभागृहात एकवीस सभासद जमले होते. त्यात दोन मुख्याध्यापक, एक बँकेतला, एक दातांचा डॉक्टर आणि भुसारवाले दोशी शेठ होते. शेठ म्हणजे माझे सकाळच्या कराड गाडीचे वीस वर्षांचे पॅसेंजर, पुढून तिसरी सीट, खिडकी. माणसं कपडे घ्यायला लग्नातल्या पंगतीसारखी पुढं आली. बंद कसे बांधायचे ते शालननं दाखवलं. डॉक्टरांनी चार बंदांतच स्वतःचा हात बांधून घेतला, तो सोडवला. सगळे चढवून झाले.

मला पहिल्यांदा फार बरं वाटलं. मांजरपाटाचा तो दुधाळ रंग, छातीवर तिरपे बंद, खाली घेर. बँकेतला माणूस बँकेतला वाटत नव्हता. शालन भिंतीला टेकून बघत होती, पदराचं टोक मुठीत धरून.

मग खराडे सरांनी शिट्टी मारली. “एका ओळीत! सावधान!”

एकवीस जण सावधान झाले. सर ओळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेले. परत आले. शिट्टी तोंडातून काढली.

“खांदे सरळ!”

माणसं ताठली. दोन क्षण सरळ राहिली आणि हळूहळू, सगळी मिळून, डावीकडे कलली.

“सरळ म्हटलं ना! कुलकर्णी सर, डावा खांदा वर!”

“सर, वर केला की काखेत काचतंय,” कुलकर्णी म्हणाले. “खाली सोडला की बरं वाटतं.”

“माझंही तसंच,” दुसरा म्हणाला.

“माझंही.”

“घेर पण डावीकडं वर चढतोय सर,” डॉक्टर म्हणाले. “हे त्या काळी असंच होतं का?”

सगळ्यांनी शालनकडे बघितलं. शालन एकवीस डाव्या खांद्यांकडे बघत होती. तिच्या तोंडावरचा रंग उतरत चाललेला मला दिसला.

सर मागं सरून उभे राहिले. “काय दिसतंय हे? हे गड घ्यायला निघालेत? हे ड्युटी संपवून घरी निघालेत! एकवीसच्या एकवीस दमलेले!”

माणसं हसली. मग दोशी शेठनी ओळीतून मान पुढं काढली, आपल्या खांद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“अरे, मास्तर! आम्ही सगळे तुमच्यासारखे उभे राहिलोय!”

“माझ्यासारखे म्हणजे?”

“म्हणजे असे.” शेठनी डावा खांदा आणखी एक इंच खाली टाकला, मान जरा उजवीकडे झुकवली आणि हवेतली घंटी वाजवली. “तिकीट बोला, तिकीट!”

सभागृह फुटलं. त्यात वाईट काही नव्हतं, सगळे माझेच पॅसेंजर होते. मीही हसलो. हसता हसता मी माझ्या खांद्याकडे बघितलं. मला तो सरळ दिसला.

“मास्तर, सॉरी,” खराडे सर मला बाजूला घेऊन म्हणाले. “रविवारी आमदार येणार आहेत. हे असं मी नेऊ शकत नाही. कराडला फोन करतो, भाड्याचे मागवतो. हे तुम्ही परत घेऊन जा.”

‘परत’ हा शब्द त्यांनी हळूच उच्चारला होता, पण शालननं तो ऐकला. तिनं चादर पसरली आणि पहिल्या माणसाचे बंद सोडायला हात पुढं केला.

एकतीस वर्षं लोक माझ्यासमोर हात जोडून “मास्तर, एक मिनिट, माणूस येतंय” असं म्हणत आले. मी किती जणांसाठी थांबलो आणि किती जणांसाठी घंटी मारली, त्याचा हिशेब नाही. त्या दिवशी हात मी जोडले.

“सर, उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. माणूस येतंय.”

“कोण येतंय?”

“म्हणजे, कपडे. दुरुस्त होऊन.”

सरांनी घड्याळ बघितलं. “उद्या सहा. सहा वाजून एक मिनिटानं मी फोन करणार.”

घरी आल्यावर शालननं चादरी सोडल्या नाहीत. हातपाय धुतले, देवाला दिवा लावला, आणि मशिनजवळ जाऊन त्याच्यावर लाकडी झाकण घातलं. खट् आवाज झाला. मग ती पलंगावर बसली.

“ठरल्याप्रमाणं,” ती म्हणाली.

मी पाणी आणलं. तिनं प्यायलं. मी समोर खुर्ची ओढली.

“शेठ म्हणाले ते खरं आहे?”

“काय?”

“माझा खांदा.”

ती उठली, कपाटामागचा तो खाकी कागदाचा नमुना काढून माझ्या मांडीवर ठेवला. कडा मऊ पडल्या होत्या, टाचण्यांच्या भोकांनी कागद चाळणीसारखा झाला होता. त्यानंतर तिनं ट्रंकेच्या तळातून माझा युनिफॉर्मचा जुना शर्ट काढला आणि कागदावर पसरला. शर्ट कागदावर तंतोतंत बसला.

“पहिला अंगरखा केला तेव्हा घरात पुरुषाचं माप कुठलं आणायचं? तुम्ही गाडीवर. खुंटीला तुमचा शर्ट होता. त्यावरून काढलं.”

“मग?”

“मग काय? बघा की.” तिनं डाव्या खांद्यावर बोट ठेवलं, मग उजव्या. मी माझ्या आयुष्यात कधी न बघितलेली गोष्ट बघितली. डावा खांदा सव्वा इंच खाली कापलेला होता.

“शर्ट असा कसा?”

“मीच कापलाय. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून. डिपार्टमेंटचं कापड यायचं, मी शिवायचे. तुम्ही ती चामड्याची पिशवी दिवसभर त्याच खांद्याला अडकवायचा. खांदा खाली गेला. शर्ट डावीकडं गोळा व्हायला लागला, कॉलर वाकडी दिसायची. मग मी जरा खाली कापला. दोन वर्षांनी आणखी जरा. असं होता होता सव्वा इंच.”

“मला सांगितलं नाहीस.”

“सांगून काय झालं असतं? आरशासमोर उभं राहून खांदा वर करत बसला असता. पिशवी काय वर होणार होती?”

मी कागदाकडे बघत बसलो. माझा शर्ट कायम नीट बसायचा. डेपोत लोक विचारायचे, लोखंडे, टेलर कोण तुमचा? मी सांगायचो, घरीच. मला वाटायचं, माझी अंगलटच तशी.

“पण शालन, हा नमुना तू एवढी वर्षं वापरलास. तुला दिसलं नाही?”

तिचा आवाज आला तो फार थकलेला होता.

“हाताला सवय झाली. कुणाच्या अंगावर कधी घातलंच नाही ना. मी विसरूनच गेले हो, की माणसं सरळ पण असतात.”

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

मग मी उठलो, दाढीच्या डब्यातलं ब्लेड काढलं, चादरीची गाठ सोडली आणि वरची बाराबंदी घेऊन तिच्या डाव्या खांद्याची शिवण कापायला लागलो.

“काय करताय?”

“उसवतोय.”

“परत आलंय ते. माझी अट होती.”

“परत कुठं आलंय? दुरुस्तीला आलंय. गाडी डेपोत येते म्हणजे काय मोडीत निघते? आली, बघितली, नट आवळला, सोडली.”

“अहो, ब्लेड सरळ धरा.”

“सरळच धरलंय.”

“कापड जाईल!”

कापड गेलंच. खांद्याजवळ करंगळीएवढी चीर पडली. मी मुद्दाम पाडली असं स्वप्नाली अजून म्हणते. मी मुद्दाम पाडलेली नाही. मला शिवण आणि कापड यांतला फरक कळत नव्हता.

शालन पलंगावरून उठली, ब्लेड माझ्या हातातून ओढून घेतलं. “द्या इकडं! असं उसवतात का? कसायासारखं!” खिडकीपाशी गेली, उजेडात शिवण धरली, एक टाका उचलला, पुढचा उचलला. खांदा उघडला. आतून दुमडलेलं कापड बाहेर आलं, चांगलं दोन बोटं.

“आत ठेवलंयस की एवढं!” मी म्हणालो.

“जुन्या अंगरख्यांत असंच असतं. माणूस वाढला तर सोडता यावं म्हणून.” ती त्या दोन बोटांकडे बघत राहिली. मग मशिनकडे न बघता म्हणाली, “झाकण काढा.”

एकवीस डावे खांदे उसवायचे, सव्वा इंच वर घ्यायचे, परत जोडायचे. मी धागे वेचले, इस्त्री फिरवली, दोन वेळा पिठलं-भात टाकला आणि दोन्ही वेळा पिठलं लागलं. तिनं ते तसंच खाल्लं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदा तिनं डोकं मशिनच्या फळीवर टेकलं. मला वाटलं झोपली. मी मशिनवरचा दिवा मालवायला गेलो तर म्हणाली, “असू द्या. मोजतेय. आठ राहिलेत.” शनिवारी सहाला सात मिनिटं कमी असताना मी घड्या घेऊन सरांच्या दारात उभा होतो. सरांनी एक अंगात घातली, आरशात बघितलं, शिट्टीशिवाय हसले.

रविवारी ग्रंथदिंडी निघाली. आम्ही पतपेढीच्या चौथऱ्यावर उभे होतो. लेझीम गेली, आमदार गेले, मग एकवीस मावळे आले. ताठ. दोशी शेठची तलवार उलटी होती, डॉक्टरांचं पागोटं सुटत होतं, लोक त्यांना नावं घेऊन चिडवत होते. पण कपड्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हातारीनं मला विचारलं, “कुठली रं ही माणसं? बाहेरगावची का?” त्यातल्या एकाच्या दुकानात ती रोज डाळ-तांदूळ घेत असणार.

शालन तोंडं बघतच नव्हती. ती फक्त खांदे बघत होती, एकेक करत, शेवटचा माणूस वळणावर दिसेनासा होईपर्यंत. मग म्हणाली, “बसले.”

“बसले ना?”

“हं. चला आता. पाय गेले माझे.”

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा हसेल, किंवा निदान माझा हात धरेल. ती चौथऱ्याच्या पायऱ्या कठडा धरून उतरली आणि रिक्षा शोधायला लागली.

संध्याकाळी चहा झाल्यावर तिनं टेबलावर नवा खाकी कागद पसरला. आता दुसरा नमुना काढायचा होता, सरळ माणसांचा. खराडे सरांचा निरोप आला होता, कॉलेजच्या नाटकवाल्यांनी पत्ता मागितलाय म्हणून. मी जुना नमुना उचलला आणि विचारलं, “हा टाकून देऊ?”

“ठेवा तिथं.”

मग तिनं कपाटातून एक घडी काढली. बाराबंदीच होती. बाविसावी. पहिल्यांदा बघण्यासाठी म्हणून शिवलेली, ना उसवलेली, ना कुणाला दिलेली.

“घाला.”

“मी? आता? या वयात मावळा?”

“घाला म्हणते ना.”

मी गंजीफ्रॉकवर ती चढवली. शालननं समोर उभं राहून एकेक बंद बांधला. बारा. त्यातला कुठला मी सुलटा केला होता आणि कुठल्यात माझ्या अंगठ्याचं रक्त लागलं होतं, ते ओळखता येत नव्हतं. बांधून झाल्यावर तिनं माझे दोन्ही खांदे धरून मला कपाटाच्या आरशाकडे वळवलं.

ती बाराबंदी कुठंच काचत नव्हती, कुठंच चढत नव्हती. आरशातला माणूस अगदी सरळ उभा होता. मी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत बोलायचं राहून गेलेलं बरंच काही एकदम ओठांवर आलं. त्यातलं नेमकं पहिलं वाक्य कुठलं, ते काही ठरेना.

“शालन,” मी म्हणालो, “मला तुला एक सांगायचं होतं…”

“हलू नका.” तिनं मागून घेर ओढला, बाजूनं बघितलं, दोन पावलं मागं गेली, परत पुढं आली. “बरोबर बसलाय.”

“हो. पण मी काय म्हणत होतो…”

“उभेच आहात,” ती म्हणाली, “तर माळ्यावरचा पापडाचा डबा तेवढा काढून द्या. माझा हात पोचत नाही.”